डाव्या कानाला ऐकू येईल असं

“उडी मारा,” हॉटेलवाला म्हणाला.

शब्द शिकवलेलेच होते. पण तो ते अशा सुरात म्हणाला, की जणू समोरच्याचं जेवण आटोपलंय आणि हा विचारतोय, शेवटी काही गोड आणू का. त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या चौघी शिकाऊ पोरी खाली बघून हसायला लागल्या.

विमान ठेवायच्या हँगरच्या कोपऱ्यात सुताराकडून ठोकून घेतलेला एक लाकडी दरवाजा होता. त्याच्या पलीकडे जाडजूड गादी टाकलेली. गादी म्हणजे जमीन, अलीकडची फळी म्हणजे विमान, आणि विमानाला आग लागलीय असं समजायचं. त्यांना शिकवणारी ताई दरवाजाला टेकून उभी होती.

“कुणाला सांगताय?” तिने विचारलं.

“प्रवाशांना.”

“प्रवाशांनी ऐकलंच नाही. ते अजून वरच्या कप्प्यातून बॅगा काढताहेत. परत म्हणा.”

हॉटेलवाल्याने टाय सरळ केला, घसा खाकरला आणि म्हणाला, “उडी मारता का, सर?”

मग मात्र ताईलाही हसू आवरेना. तिने सगळ्यांना चहाला सोडलं आणि गादीच्या कडेवर बसून राहिली. हँगरच्या दुसऱ्या टोकाला कंपनीचं विमान उभं होतं. कंपनीचं एकुलतं एक. मालकाने ते जुनं विकत घेतलं होतं. नवा पांढरा रंग चढवला होता, तरी ऊन तिरपं आलं की आधीच्या कंपनीचं खरवडून काढलेलं नाव रंगाखालून पुसटसं दिसायचं. आतल्या खुर्च्या काढून भिंतीशी रांगेत मांडल्या होत्या आणि इंजिनियर त्यातल्या एकीच्या पोटात डोकं घालून कधीचा बसला होता. तो फारसा कुणाशी बोलत नसे. प्रत्येक खुर्चीखालचं लाइफ जॅकेट, प्रत्येक पट्ट्याची कडी, दारावरची प्रत्येक पाटी त्याला स्वतः बघायची असे. विमानखात्याच्या लोकांनी बोट ठेवावं अशी एकही जागा त्याला ठेवायची नव्हती.

विमान तयार होत होतं. माणसं अजून व्हायची होती.

हॉटेलवाला तसा हिऱ्यासारखा माणूस. चाळिशीला आलेला. उभा जन्म एका मोठ्या हॉटेलच्या जेवणघरात काढलेला. हातात चार प्लेटा घेऊन चालला तरी पेल्यातलं पाणी हलत नसे. कुणाला लिंबू चालत नाही, कुणाचं मूल कडेवर झोपलंय, हे त्याला सांगावं लागत नसे. त्या हॉटेलची ऑफिसं झाली, तेव्हा तो इकडे आला. पण तिथे वर्षानुवर्षं त्याला एकच शिकवलं होतं, की आपला आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जाता कामा नये. ते त्याच्या हाडात मुरलं होतं.

ताईचं नेमकं उलटं. लहानपणी आई म्हणायची, ही कानात सांगते ते गल्लीला कळतं. शाळेत बाई तिला वर्गाच्या मागे बसवायच्या, म्हणजे निदान त्यांच्या कानांना तरी कमी त्रास. जुन्या विमान कंपनीत लागली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिचं नाव ‘भोंगा’ पडलं. एकदा उड्डाणात माइक बंद पडला आणि ती नुसत्या तोंडाने सूचना देऊन मोकळी झाली. माइक बंद होता हे खाली उतरेपर्यंत कुणाला कळलं नाही. लग्न झालं तर सासूबाई कानाने कमी. बाकी सुनांना जे कधी जमलं नाही ते हिला आपोआप जमलं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, या घरात मला फक्त सुनेचं बोलणं कळतं, बाकी सगळे पुटपुटतात.

मग ती कंपनी बुडाली. एका सकाळी विमानं उडणार नाहीत असं कळलं, आणि ती कधीच उडाली नाहीत. एकोणीस वर्षांची नोकरी आणि गणवेश कपाटात टांगून ताई एका दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसायला लागली. तिथे पेशंट आधीच घाबरलेले. हिने “पुढचे या” म्हटलं की ते खुर्चीतून उडायचे. डॉक्टरांनी दोनदा हात जोडून सांगितलं, “बाई, जरा हळू. आत माझ्या हातात ड्रिल असतं.”

ती हळू बोलायला शिकली. सवय झाली. आणि एक दिवस जुन्या कंपनीतल्या कॅप्टनचा फोन आला. तो आता म्हातारा झाला होता, पण आवाजात तोच उत्साह. कुणीतरी ट्रकवाला नवी विमान कंपनी काढतोय, माणूस वेडा आहे पण प्रामाणिक आहे, आणि केबिनमधल्या लोकांना तयार करायला मला भोंगा पाहिजे, असं तो म्हणाला. तयार करायचं आणि मग त्यांच्याबरोबर उडायचंही. ताईने डॉक्टरांना त्याच दिवशी सांगून टाकलं. डॉक्टरांना वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं असावं.

उडणाऱ्या प्रत्येकाला खात्याच्या दवाखान्यात तपासणी करून घ्यावी लागे. गादीपाशी झालेल्या त्या हशानंतर त्याच आठवड्यात ताईचा नंबर लागला. वजन, रक्त, डोळे सगळं ठीक निघालं. नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक, तेव्हा डोळ्यांची तर तिला काळजीच नव्हती. मग तिला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. टुक असा आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे एक तरुण डॉक्टर यंत्रापाशी बसला होता.

उजव्या कानाचं झटपट झालं. डाव्याची पाळी आली तेव्हा ताई त्याच्या हाताकडे बघत राहिली. त्याचा हात हलला की ती बटण दाबायची. बराच वेळ सगळं छान चाललं. मग डॉक्टरने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

ताई वाट बघत बसली. खोलीत अगदी शांत होतं. तिला वाटलं, यंत्र बिघडलं असावं.

डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याने आधी हेडफोन काढून हातात घेतले, मग बोलला. कधीपासून, असं विचारलं. कसलं कधीपासून, असं ताईने विचारलं. मग त्याने तिला कागदावरची रेघ दाखवली. उजव्या कानाची रेघ सरळ चालली होती. डाव्या कानाची थोडं अंतर चालून जिन्यावरून पाय घसरल्यासारखी खाली गेली होती. इतकी वर्षं इंजिनाच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यांचं असं होतं, तो म्हणाला, आणि ते इतकं हळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. ताईने विचारलं, यावर औषध काही. तो म्हणाला, यंत्र लावता येईल, रोजचं चालेल. पण विमानात उडायची परवानगी मला देता येणार नाही. जमिनीवरून शिकवायला काहीच हरकत नाही, तसं मी लिहून देतो.

ती घरी आली. सासूबाईंना जेवायला वाढलं. नवरा दुकान बंद करून आला, तेव्हा त्याला म्हणाली चल जरा चालून येऊ. दोघं घरामागच्या रस्त्याने निघाले. थोडं अंतर गेल्यावर तिने सांगितलं. नवरा थांबला नाही, तसाच चालत राहिला.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला.

“काय वाटलंच होतं?”

“मी किती वर्षं तुझ्या उजव्या बाजूनेच चालतोय. तुझ्या लक्षात नाही आलं?”

ताईने पाहिलं. तो उजव्या बाजूला होता. तिने मागचं आठवायचा प्रयत्न केला. जेवताना, झोपताना, लग्नकार्यात, बँकेत. तो उजवीकडेच होता.

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय करणार होतो,” तो म्हणाला. “मला चष्मे येतात. कानाचं मला काय कळतं.” आणि थोड्या वेळाने म्हणाला, “तू दातांच्या डॉक्टरांकडे बसायचीस तेव्हा आधीच तुझा जीव रमत नव्हता. त्यात आणखी हे कशाला.”

ताईला रडू यायला हवं होतं, तसं थोडं आलंही. पण रस्त्यावर कोपऱ्याशी कुणीतरी खुर्च्या रंगवत बसलं होतं, त्याच्या देखत कसं रडायचं, म्हणून तिने नाक पुसलं आणि ते घरी परतले. सासूबाईंना ओरडून सांगावं लागलं. त्यांना सगळं कळल्यावर त्या समाधानाने म्हणाल्या, चला, इतके दिवस मी एकटीच होते.

कॅप्टनने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की त्याचाही परवाना पुढच्या वर्षी वयामुळे संपतोय, मग दोघं मिळून जमिनीवरून आरडाओरडा करू. मालक म्हणाला, ट्रक चालवणारा आणि ट्रक चालवायला शिकवणारा, दोघांनाही मी पगार देतो, तुम्ही फक्त निरीक्षकांसमोर माझी लाज राखा. त्याच्या कपाळावरची आठी कधी जात नसे. विमान आल्यापासून ते एकाही प्रवाशाला घेऊन उडालं नव्हतं आणि परवाना मिळेपर्यंत उडणार नव्हतं. परवान्याआधीची सगळ्यात मोठी परीक्षा होती विमान रिकामं करण्याची. ती द्यायला दोन संधी होत्या. दोन्ही गेल्या तर सगळं शिक्षण पहिल्यापासून. तोवर मालकाचा धीर टिकेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

आणि केबिनचा प्रमुख म्हणून पुढे उभं राहायला आता ताई नव्हती. तिच्यामागे ज्येष्ठ म्हणावा असा एकटा हॉटेलवालाच.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला एकट्याला बोलावलं. त्याला लाकडी दरवाजापाशी उभं केलं आणि स्वतः हँगरच्या मधोमध जाऊन त्याच्याकडे डावा खांदा करून उभी राहिली. इंजिनियरने नेमकं तेव्हाच घासायचं यंत्र सुरू केलं होतं. तेही चालू राहू दे म्हणून तिने हातानेच सांगितलं.

“मला या कानाने कमी ऐकू येतं,” ती हॉटेलवाल्याला म्हणाली. “परवाच कळलं. म्हणून मला उडता येणार नाही, तुम्हालाच पुढे उभं राहायचंय. आता मी तुमच्याकडे बघणार नाही. उडी मारायला सांगा. मला ऐकू आलं तर मी हात वर करेन.”

ताई समोरच्या भिंतीकडे बघत होती.

“ताई, मला वाईट वाटलं,” तो म्हणाला.

तिने हात वर केला नाही. तिला ते ऐकूच आलं नव्हतं.

मग तो म्हणाला, उडी मारा. हात खालीच. मग जरा मोठ्याने म्हणाला. यंत्राची घरघर चालू होती. ताई भिंतीकडे बघत, जणू बसची वाट बघतेय अशी उभी होती. हॉटेलवाल्याने टाय सैल केला. मग काढूनच टाकला. त्याने पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. त्याच्या मानेच्या शिरा ताठ व्हायला लागल्या, चेहरा लाल झाला. शेवटी तो जे ओरडला ते मराठीत होतं की नाही कुणास ठाऊक, पण इंजिनियरने यंत्र बंद करून खुर्चीतून डोकं बाहेर काढलं, छपराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि ताईने हात वर केला.

“विमानात धूर झाला, लोक रडायला लागले, की प्रत्येकाचा कान हा असा होतो,” ती त्याच्याजवळ येत म्हणाली. “प्रत्येकाचा डावा. तेवढं लक्षात ठेवा.”

त्यानंतर हॉटेलवाला ओरडायला लागला तो थांबेना. बायको म्हणे घरी तक्रार करते, झोपेत सगळ्यांना बॅगा टाकायला लावतो.

परीक्षेच्या दिवशी विमान हँगरबाहेर उन्हात उभं होतं. खुर्च्या आत बसल्या होत्या, पाट्या लागल्या होत्या, दारांत रबरी घसरगुंड्या घड्या घालून बसवल्या होत्या. दार उघडलं की त्या आपोआप हवा भरून खाली पडत. खात्याकडून एक बुटक्या निरीक्षक बाई आल्या होत्या. केस पांढरे, पायात मळके बूट, आवाज शांत. त्यांना प्रवासी म्हणून काही माणसं हवी होती, म्हणून कंपनीने कर्मचाऱ्यांचे नातेवाईक जमवले होते. त्यांत ताईचा नवरा होता. सासूबाईंनाही यायचं होतं, पण वयामुळे त्यांना नाही म्हणावं लागलं. सकाळपासून त्या कुणाशी बोलत नव्हत्या.

बाईंनी नियम सांगितला. दिवे जातील, इशारा होईल. पंधरा सेकंदांत घसरगुंडी जमिनीला लागलेली पाहिजे. बाहेर एखाद्या दाराशी आग असू शकते. आग म्हणजे त्यांचा मदतनीस हातात लाल दिवा घेऊन उभा राहील. कोणत्या दाराशी, ते आतल्यांना ठाऊक नसेल. दार उघडण्याआधी त्यातल्या छोट्या खिडकीतून बघायचं, आणि आग असेल तर ते दार उघडायचं नाही. लोकांना दुसऱ्या दाराकडे पाठवायचं.

ताईने विमानाबाहेर, पंखापासून लांब उभं राहायचं होतं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत.

लाल दिवा पुढच्या डाव्या दाराशी आला. ते हॉटेलवाल्याचं दार होतं. विमानातले दिवे गेले. आतून लोकांचा गलका आला, आणि त्या गलक्यावरून हॉटेलवाल्याचा आवाज असा आला, की ताईच्या छातीत अभिमान दाटून आला. आणि त्याच क्षणी पुढचं डावं दार धाडकन उघडलं आणि पिवळी घसरगुंडी फुस्स करत थेट लाल दिव्याच्या अंगावर पडली.

मदतनीस दिवा घेऊन बाजूला झाला. निरीक्षक बाईंनी घड्याळ थांबवलं आणि काही न बोलता लिहून घेतलं.

हॉटेलवाला खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मालक दूर जाऊन पाठमोरा उभा होता. कॅप्टनने बाईंना विचारलं, दुसऱ्या खेपेला माणूस बदलला तर चालेल का. बाई म्हणाल्या, नाही, तीच माणसं, दुपारी. इंजिनियरने दुसरी घसरगुंडी काढली आणि शांतपणे बसवायला लागला.

ताई हॉटेलवाल्याला घेऊन हँगरमागे सावलीत बसली. त्याने डबा आणला होता, पण उघडला नव्हता. तिने तो उघडला आणि अर्धं त्याला दिलं, अर्धं आपण घेतलं.

“इतकं जोरात ओरडलो,” तो म्हणाला, “की मला वाटलं झालंच. बघायचं राहिलं.”

“मी तुम्हाला ओरडायलाच शिकवत बसले. बघायला शिकवायचं माझंही राहिलं.”

“ते मला येतं ना पण,” तो म्हणाला. “माझं आयुष्य बघण्यात गेलं. कुणाचा पेला रिकामा, कुणाला काय हवंय.”

“मग तेच करा,” ताई म्हणाली. “आधी बघा, कुणाला काय हवंय. मग ओरडा.”

ते दोघं जेवले. तिला आणखी काही सांगावंसं वाटत होतं, पण तिने तोंड मिटून घेतलं, आणि तिच्या आयुष्यात हे फार वेळा झालं नव्हतं.

दुपारी ती पुन्हा तिथेच उभी राहिली. बाई लाल दिवा आता दुसरीकडे नेतील असं सगळे धरून चालले होते. मदतनीस विमानाच्या पुढून फिरला, शेपटीकडून फिरला आणि परत पुढच्या डाव्या दाराशीच येऊन उभा राहिला.

दिवे गेले. गलका उठला. ताईला दाराच्या छोट्या गोल खिडकीत हॉटेलवाल्याचा चेहरा दिसला. कुणी टेबलावरून हात वर केला की पाहावं, तसा तो शांतपणे, नीट बाहेर बघत होता. लाल उजेड त्याच्या गालावर पडला. मग चेहरा आत गेला.

दार उघडलं नाही.

ताई त्या बंद दाराकडे बघत राहिली. इतकं सुंदर बंद दार तिने कधी पाहिलं नव्हतं. आतून आवाज आला, इकडे येऊ नका, तिकडे जा, बॅगा टाका, तिकडे जा. आणि विमानाच्या पलीकडून, तिला न दिसणाऱ्या बाजूने, घसरगुंडी फुगल्याचा तो फुस्स आवाज आला. कोणत्या कानाने ऐकला, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

माणसं घसरून खाली यायला लागली. थोड्या वेळाने नवरा विमानाच्या नाकाकडून वळसा घालून आला. शर्ट बाहेर, चष्मा हातात, पायात एकच बूट. धापा टाकत तो तिच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, त्या माणसाने मला असं दटावलं की मी बूट तिथेच सोडला, आई आली असती तर तिलासुद्धा ऐकू गेलं असतं.

निरीक्षक बाईंनी घड्याळ मालकाला दाखवलं. मालकाने ते वाचलं, मान हलवली आणि मग त्याला कुठेतरी बसावंसं वाटलं असावं, कारण तो घसरगुंडीच्या खालच्या टोकावरच बसला.

मग राहिलं फक्त चाचणीचं उड्डाण. प्रवासी नाहीत, तिकिटं नाहीत, पण बाकी सगळं खऱ्यासारखं. इथून उडून दुसऱ्या शहरात उतरायचं आणि परत यायचं. निरीक्षक बाई वाटेल तिथे बसणार आणि वाटेल ते विचारणार. शिकवणारी म्हणून ताईलाही एक जागा मिळाली, चौथ्या रांगेत खिडकीशी. साध्या कपड्यांत ती आत शिरली, तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या पोरींपैकी एकीने सवयीने तिला तिची जागा दाखवली आणि मग जीभ चावली. ताईने मान डोलावली आणि दाखवलेल्या जागेवर जाऊन बसली.

विमान धावपट्टीवर आलं. इंजिनं गरजली, पाठ खुर्चीला टेकली आणि खिडकीतून गवत, दिवे, कुंपण, सगळं वेगाने समोरून येऊन मागे जायला लागलं. ताईने खुर्चीचा हात घट्ट धरला. तिची ती वर्षं सगळी क्रूच्या घडीच्या खुर्चीवर गेली होती, आणि ती खुर्ची शेपटीकडे तोंड करून असते. प्रत्येक उड्डाण तिने पाठमोरं बसून, प्रवाशांच्या तोंडांकडे बघत काढलं होतं. कोण घाबरलंय, कोण डोळे मिटतंय, कोण आईचा हात शोधतंय. ते सगळे काय बघत असतात, ते तिने आज पाहिलं. जमीन खाली गेली आणि समोर नुसतं निळं उरलं. तिच्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. पुढे समोरच्या खुर्चीवर बसलेल्या हॉटेलवाल्याने ते ऐकलं आणि नियमाप्रमाणे चेहरा हलू दिला नाही.

वर गेल्यावर निरीक्षक बाई तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. डावीकडच्या. काहीतरी बोलल्या. ताईने मान वळवून पुन्हा विचारलं. बाई म्हणाल्या, आता तुम्ही बेशुद्ध पडायचं. काहीही झालं तरी बोलायचं नाही आणि मदत करायची नाही. करू शकाल?

“बोलायचं नाही, हे जरा अवघड आहे,” ताई म्हणाली, आणि डोळे मिटून मान टाकली.

बाईंनी बटण दाबलं. पावलं आली. कुणीतरी तिचा पट्टा सैल केला, कुणीतरी हवेचा झोत तिच्याकडे वळवला. ऑक्सिजनची बाटली आणायला कुणी गेलं, त्यावर ताईने मनातल्या मनात बरोबरची खूण केली. मग कुणीतरी तिच्याजवळ गुडघ्यावर बसलं आणि तिचा हात हातात घेतला. हॉटेलवाला. तो बोलत होता, पण आता ओरडत नव्हता. तो त्याच्या जेवणघरातल्या आवाजात बोलत होता, शेजारच्या रांगेलाही जाणार नाही अशा. इंजिनाच्या आवाजात ताईला त्यातले शब्द कळले नाहीत. पण हात उबदार होता आणि घाई करत नव्हता. एवढ्या वर्षांत तिने कितीतरी जणांचे हात असे धरले होते. धरलेला हात आतून कसा लागतो, हे तिला माहीत नव्हतं. ती डोळे मिटून पडून राहिली, आणि बाईंनी पुरे म्हटल्यावरही जराशी तशीच राहिली.

परत उतरले तेव्हा दुपार कलायला लागली होती. पायऱ्या लागल्या. निरीक्षक बाईंनी कॅप्टनशी हात मिळवला आणि मालकाला म्हणाल्या, “माझ्याकडून आता काही राहिलेलं नाही. कागद यायला थोडे दिवस लागतील.” मालकाने ते दोनदा म्हणायला लावलं.

सगळे उतरायला लागले. दाराशी हॉटेलवाला आणि पोरी एका ओळीत उभ्या होत्या, प्रत्येकाला धन्यवाद म्हणत होत्या. ताईचा पाय तिथे घुटमळला. आपल्याला या बाजूला उभं राहायचंय की त्या, हे क्षणभर तिच्या ध्यानात आलं नाही.

“जपून उतरा, मॅडम,” हॉटेलवाला म्हणाला. “पुन्हा या.”

“थँक यू,” ताई म्हणाली, आणि बाकीच्यांच्या मागोमाग पायऱ्या उतरली.

खाली बस उभी होती. मालक, इंजिनियर, खात्याची माणसं चढली. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं. तिने हातानेच जा म्हटलं. बस गेली. ती विमानापासून थोडी दूर, वाऱ्यात केस सावरत उभी राहिली. वर एकेका खिडकीवरची झडप वर सरकताना दिसत होती, पहिल्या रांगेपासून शेवटच्यापर्यंत. कुणीतरी प्रत्येक रांगेत वाकून बघत होतं. मग पोरी बॅगा घेऊन हसत-बोलत उतरल्या. सगळ्यांच्या शेवटी, प्रमुखाने उतरावं तसा, हॉटेलवाला दारात आला. त्याने एकदा मागे वळून रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली, टाय सरळ केला, आणि मग खाली उतरला.